दोन बोटं सैल

९ फेब्रुवारी

व्यायामवालीने सांगितलंय, रोज काय हललं, काय दुखलं ते लिहून ठेवा. ही मुलगी माझ्या लेकीहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल, पण दटावते सासूसारखी. तर लिहिते. आज उजव्या पायाचा अंगठा हलला. डावा पाय ढिम्म. तो माझा वाटतच नाही, शेजारणीचा पाय चुकून माझ्या अंथरुणात राहिलाय असं वाटतं.

झालं. अंगठ्याचं लिहून संपलं आणि पान तसंच मोकळं. मी कापडाची चिंधी वाया जाऊ देत नाही, पान कसं जाऊ देईन? म्हणून बाकीचंही लिहिते.

मी कापते आणि वन्सं शिवतात. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लेक रांगत होती तेव्हापासून आमचं दुकान असंच चाललंय. माप, खडू, कात्री माझी, मशीन त्यांची. त्यांनी कात्री धरली की हात थरथरतो आणि मी मशीनवर बसले की दोरा तुटतो. ऑक्टोबरात वरच्या फळीवरून अस्तराचा गठ्ठा काढताना मी स्टुलावरून पडले आणि पाठीचा कणा मोडून घेतला. तेव्हापासून दुकानात मशीन आहे, पण तिला कापून द्यायला कुणी नाही. वन्सं चेन बदलतात, पॅन्ट आखूड करतात, फाटलेलं सांधतात. दुकान उघडं आहे, एवढंच.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरकडे. सध्याची खुर्ची हॉस्पिटलची, उसनी. एवढी जड की मला ती हलवता येत नाही, कुणीतरी ढकलायचं आणि मी सामानासारखं जायचं. तिच्या बैठकीने मला जखम झालीय. कुठे ते लिहायची लाज वाटते, पण बसायचा भाग म्हटलं की कळावं. डॉक्टर म्हणाले, "मापाची हलकी खुर्ची करून घ्या आणि चांगली गादी. नाहीतर ही जखम परत परत चिघळणार आणि तुम्ही अंथरुणातून उठणारच नाही."

चालायचं विचारलं. "आधाराने थोडं उभं राहता येईल. चालण्याचं वचन मी देणार नाही." माणूस स्पष्ट बोलला याचं बरं वाटलं. घरी येऊन रडले ते वेगळं.

खुर्चीचा आकडा ऐकून हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. हे बस चालवतात. बाहेर बघायची सवय आहेच, पण एवढा वेळ नाही.

१५ फेब्रुवारी

आज घरात भडका. लेकीने मोबाइलवर माझ्यासाठी मदत मागायचं पान तयार केलं. वर माझा हॉस्पिटलमधला फोटो, केस पिंजारलेले, तोंड उघडं. खाली लिहिलंय, 'माझी आई असहाय आहे.'

"असहाय कोण गं?" मी विचारलं.

"आई, असं लिहिल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत."

"मग नको देऊ दे. काढ ते."

हे म्हणाले, "अगं, लेकरू तुझ्यासाठीच करतंय." मी यांनाही झाडलं. जेवण कुणाचंच धड झालं नाही.

संध्याकाळी वन्सं आल्या तेव्हा मी डोकं शांत करून बोलले. मला पैसे मागायची एकच रीत येते. गिऱ्हाईक कापड टाकतं, अर्धी शिलाई आगाऊ देतं, उरलेली कपडा नेताना. आता म्हणावं, सगळी शिलाई आगाऊ द्या. खुर्ची आली की मी दुकानात येते आणि सगळ्यांचं कापून देते. यात कुणाचे उपकार नाहीत.

वन्सं म्हणाल्या, "आणि नाही जमलं तर?"

"जमेल."

"अगं, पण नाही जमलं तर?"

मी उत्तर दिलं नाही. इथे देते. नाही जमलं तर मी गल्लीतल्या सगळ्यांना टोपी घातली असं होईल. मदत घेतली असती तर निदान तेवढं तरी झालं नसतं. पण आता शब्द तोंडातून गेलाय, आणि लेक लगेच नवं पान लिहायला बसली, या वेळी माझा दुकानातला फोटो लावून. त्यात मी कुणावर तरी डोळे वटारलेत. तो मला आवडला.

२८ फेब्रुवारी

अंगठा, आणि आता उजवी टाचही थोडी. व्यायामवाली टाळ्या वाजवते. मला बालवाडीत घातल्यासारखं वाटतं, पण तिने नाही वाजवल्या तर चुकल्यासारखंही होतं.

कापडं येतायत. एवढी येतील असं वाटलं नव्हतं. वन्सं रोज संध्याकाळी सांगतात आणि मी ऐकून डोकं धरते. गेल्या पाच महिन्यांत लोकांची अक्कल कुठे गहाण पडली कळत नाही. शाळेच्या बाईंनी लांब लोकरी कोट टाकलाय. आता, उन्हाळा तोंडावर असताना! बेकरीवाल्याने एप्रनची कापडं दिली, परत आठवड्याने आणखी दिली. दुकानात तो आणि त्याची बायको, दोघंच. इतके एप्रन काय थर लावून घालणार? कोपऱ्यावरच्या पेन्शनर आजोबांनी फुलाफुलांचं सुंदर रेशीम आणलं. बायकांचा झगा शिवा म्हणाले. वन्संनी विचारलं, कुणाच्या मापाचा? तर म्हणे, बघू, घाई नाही. आजी जाऊन तीन वर्षं झाली. म्हातारपणी माणूस विसरतं, दुसरं काय.

"तुम्ही विचारून का घेत नाही नीट?" मी वन्संवर चिडले. "कापड टाकताना गिऱ्हाइकाला काय हवं ते माहीत नको?"

"विचारीन हो," वन्सं म्हणाल्या आणि पिशवी आवरायला लागल्या.

आणखी एक. कधी देणार म्हणून एकानेही विचारलेलं नाही. आमच्या गल्लीत! जिथे आज माप दिलं की उद्या दारात उभे राहतात!

१९ मार्च

पैसे जमले. आजच हे खुर्चीच्या कारखान्यात आगाऊ भरून आले. मी यांना तीनदा विचारलं, खरंच? हे म्हणाले, "पावती बघ, नाहीतर उशाशी घेऊन झोप." फार दिवसांनी यांनी माझी थट्टा केली. मी त्यांना उशी फेकून मारली आणि तीही नीट लागली.

खुर्ची करणारी बाई आहे. तिचा फोन आला. माप घ्यायला गुरुवारी घरी येते म्हणाली. मी म्हटलं, "अहो, अख्ख्या गल्लीची मापं मी घेते, माझं मला घेता येणार नाही? काय काय हवं ते सांगा." तिने सांगितलं. बसायची रुंदी, मागून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. "बघा हं, बरोबर घ्या," म्हणाली. मला!

अंथरुणावर पडल्या पडल्या टेप लावून घेतलं. प्रत्येक बाजूला दोन बोटं सैल धरून आकडे कळवले. कुठलंही माप मी दोन बोटं सैलच धरते. गिऱ्हाईक माप देताना श्वास रोखून उभं राहतं आणि घरी जाऊन पोटभर जेवतं. शिवाय बसून बसून माझं अंग सुटणार ते निराळंच.

२ एप्रिल

जखम भरत आलीय. मागे काय चाललंय ते मला दिसत नाही, त्यामुळे वन्संच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. आज पट्टी बदलताना त्या गुणगुणत होत्या.

१४ एप्रिल

खुर्ची आली.

निळी आहे. लेकीने एका हाताने उचलून दाखवली. हे तिच्याभोवती नवी बस बघावी तसे फिरले, चाकं दाबून पाहिली. मला पलंगावरून तिच्यात बसवलं, आणि मी स्वतःच्या हाताने या खोलीतून त्या खोलीत गेले. कुणी ढकललं नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडला आणि बंद केला.

मग सगळे म्हणाले, चला दुकानात. यांनी बसवरच्या एका मित्राची गाडी आणली होती. दुकानाची पुढची खोली गिऱ्हाइकांची, आतली माझी, कापायची. मध्ये अरुंद दार. मी जोरात चाकं फिरवली आणि दारात अडकले. मागे घेऊन परत आणली, परत अडकले. चाकाच्या कडा दोन्हीकडून चौकटीला घासत होत्या. आत माझं टेबल दिसत होतं.

हे म्हणाले, "चौकट काढून दार मोठं करू." लेक म्हणाली, "मागच्या बाजूने काही रस्ता आहे का?" मी म्हणाले, दमले, घरी चला.

१६ एप्रिल

खुर्ची मला मोठी आहे. लिहूनच टाकते. हात चाकांपर्यंत न्यायचे तर कोपर बदकाच्या पंखासारखे बाहेर काढावे लागतात. खांदे भरून येतात. बसल्यावर मी एका बाजूला घरंगळते, आणि वन्सं म्हणतात त्या बाजूला परत लाली दिसतेय.

लोकांच्या पैशाची खुर्ची. माप माझं. कुणाला काय तोंड दाखवू? यांना म्हटलं, कुणाला बोलू नका, सवय होईल मला. वन्संनी बाहेर जाऊन फोन केला, कुणाला ते सांगितलं नाही.

१८ एप्रिल

फोन खुर्चीवालीला केला होता. आज ती स्वतः आली. तीही चाकाच्या खुर्चीतच असते, हे फोनवर बोलली नव्हती. गाडीतून फळी टाकून सरळ खाली उतरली आणि आमच्या दारातून आत, चौकटीला न लागता. माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"माप कुणी घेतलं?"

वन्सं छताकडे बघायला लागल्या.

"मी," मी म्हणाले.

"सैल धरलंत?"

"दोन बोटं. दोन्हीकडून."

"आणि मी त्यावर माझं आणखी सैल धरलं. शिंप्यांचं असंच असतं हो, सैल सांगतात. चपला शिवणारे घट्ट सांगतात. आमच्याकडे दोन्ही येतात." ती हसली. "कपडा अंगावर लोंबला तरी चालतो. ही अंगाला लागूनच पाहिजे. मीच हट्टाने यायला हवं होतं, तुम्ही एवढ्या खात्रीने बोललात की मी ऐकलं."

मी म्हटलं, आता नवी करायची म्हणजे पैसे... तर म्हणाली, नवी कशाला? खालचे आडवे दांडे कापून परत जोडता येतील. काम एका दिवसाचं. फक्त बैठकीचं आणि पाठीचं कापड नवं लागेल, आणि तिचा शिवणारा सुट्टीवर गेलाय.

"कापड इथे टाका," वन्सं म्हणाल्या. मी म्हणायच्या आत.

मजुरी तिने घेतली. पूर्ण नाही, पण घेतली. त्याने मला फार हलकं वाटलं.

१९ एप्रिल

या वेळी बसून माप घेतलं. टेप वन्संनी धरली, आकडा मी वाचला. वन्सं म्हणाल्या, "थोडं सोडू?" मी म्हटलं, "खबरदार."

जेवणाच्या टेबलावर जाड कापड पसरलं. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा कात्री हातात. आधी वाटलं, हिचं वजन वाढलं की काय? आखून झाल्यावर मी नुसतीच बसून राहिले. उभ्याने कापायची सवय, सगळं अंग कात्रीच्या मागे जायचं. आता फक्त खांदा आणि मनगट. चुकलं तर? मग कापलं. रेघेवरून, शिलाईपुरतं सोडून, बाकी काही नाही. कड सरळ आली.

वन्संनी ती कड डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि मशीनकडे घेऊन गेल्या.

२३ एप्रिल

खुर्ची परत आली. बसते! कोपर जागच्या जागी. मी दारातून आत बाहेर, आत बाहेर केलं. शेवटी लेक म्हणाली, "आई, पुरे, चक्कर येतेय मला."

२५ एप्रिल

दुकानात सोमवारपासून जाईन. आज आभाळ आलं होतं.

२९ एप्रिल

सोमवारी लेकीची परीक्षा होती. घरी कुणीतरी हवं. परीक्षा तिची कॉलेजात होती, पण तरी.

४ मे

आतलं टेबल उंच आहे, बसून तिथे हात पोचणार नाही. हे म्हणाले, त्याचं बघू. मी म्हटलं, आधी ते बघा, मग मी जाते. घाई कुणालाच नाही.

७ मे

आज वन्संनी डोक्याला ताप दिला. सकाळी फोन. "शाळेच्या बाईंचा कोट मी कापायला घेतेय."

"काय?"

"तू येईपर्यंत किती थांबायचं? खडूने आखलंय. लावते कात्री."

"वन्सं, लोकर आहे ती! आडवी ताणते! हात लावू नका!"

"मग काय करू? लोकांची कापडं सडवत ठेवू?"

यांना सुट्टी होती, नशीब. गाडीही दारातच होती, मित्र कालच यांच्याकडे ठेवून गेला होता. केसही विंचरले नाहीत, तशीच निघाले. वाटेत यांना म्हटलं, जोरात चालवा, तर हे माझ्याकडे बघून हसत होते. अशा वेळी हसू कसं येतं माणसाला!

वेळेवर पोचले. लोकर टेबलावर पसरलेली, खडूची एक रेघ नाही. म्हटलं, आखलंय म्हणालात ना? "पुसलं," म्हणाल्या. टेबलाचे पाय यांनी कापून ठेवलेत, कधी ते मला ठाऊक नाही. चारही सारखे कापता आले नाहीत, एका पायाखाली पुठ्ठा आहे. पण माझे गुडघे खाली बरोबर जातात. कात्रीला धार होती, खडू आणि टेप माझ्या उजव्या हाताला. म्हणजे वन्संची खरोखरच सगळी तयारी झाली होती. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर बाईंच्या कोटाचं काही खरं नव्हतं.

कोट मीच कापला. दोन्ही बाह्या, कॉलर, सगळं. जेवायला बोलावलं तेव्हा कळलं की दुपार झाली.

२१ मे

रोज जातेय. दर अर्ध्या तासाला दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, जखमेसाठी. व्यायामवालीने दुकानात येऊन ताकीद दिली. गिऱ्हाइकांसमोर! वन्सं आता घड्याळ बघून ओरडतात, "उचल!"

मीही शिकतेय. उभ्या माणसाच्या खांद्याचं माप मला घेता येत नाही, म्हणून समोर स्टूल ठेवलंय. गिऱ्हाईक त्यावर बसतं, मी मागून खांदे घेते. आज हात दुखले. आज लघवीच्या पिशवीने घात केला आणि मला मधेच घरी यावं लागलं. फार रडू आलं. वन्संनी जमीन पुसली आणि म्हणाल्या, "गेल्या महिन्यात इथे तेलाची बाटली सांडली होती, ते जास्त चिकट होतं."

बेकरीवाल्याचे एप्रन झाले. तो म्हणाला, कधीही चाललं असतं. शाळेच्या बाई कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या, घामाघूम. "किती छान बसलाय!" म्हणाल्या आणि माझा हात धरून ठेवला. कोट बसला होताच, त्यात हात धरण्यासारखं काय? सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. खोटं कशाला बोलू, मला ते टोचतं. मी पूर्वी शिंपीण होते, आता आजारी माणूस आहे जो कपडे शिवतो.

पेन्शनर आजोबांना विचारलं, झग्याचं माप? ते म्हणाले, "तुमच्याच मापाचा करा ना." मी म्हटलं, आजोबा, असं नाही चालत. माप आणा.

१२ जून

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

गेल्या शनिवारी एक नवा तरुण आला होता, या भागातला नाही. इंटरव्ह्यूसाठी पॅन्ट. मी म्हटलं, गुरुवारी सकाळी घेऊन जा. आज गुरुवार. तो आला आणि पॅन्ट कापलेलीसुद्धा नव्हती. मी विसरले. जुनी कापडं उपसण्याच्या नादात साफ विसरले.

"तयार नाही म्हणजे?" तो ओरडला. "तुम्ही स्वतः सांगितलंत गुरुवार! उद्या सकाळी नऊला माझा इंटरव्ह्यू आहे! पैसे घेताना बरं लक्षात राहतं! दुकान कशाला उघडता मग?"

वन्संचं मशीन थांबलं. बेकरीवाला आणखी कसलंसं कापड घेऊन आला होता, तो पुढे झाला. "अहो, जरा बघा तरी कुणाशी बोलताय. बाई अशा अवस्थेत..."

"तुम्ही गप्प बसा," मी बेकरीवाल्याला म्हणाले. मग त्या पोराकडे वळले. "आवाज खाली करा. चूक माझी आहे. संध्याकाळी सहाला या."

"सहा म्हणजे सहा?"

"सहा म्हणजे सहा. आणि ते बूट घालून या जे उद्या घालणार आहात, नाहीतर लांबी चुकेल आणि परत माझ्याच नावाने ओरडाल."

तो पाय आपटत गेला. त्याने दार एवढं आपटलं की काच हलली. वन्सं माझ्याकडे घाबरून बघत होत्या, मला लागलं असेल म्हणून. आणि मी हसायला लागले. थांबेचना. डोळ्यांतून पाणी. वन्सं पाणी घेऊन धावल्या. मी म्हटलं, "वन्सं, ओरडला तो माझ्यावर! पूर्वीसारखा!" त्यांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्या मशीनवर डोकं टेकून माझ्याहून जास्त हसल्या.

मग आम्ही जे काम केलं! मी कापतेय, त्या शिवतायत, एक शब्द नाही. सहाला पाच मिनिटं असताना वन्संनी इस्त्री फिरवली.

तो सहाला हजर. पॅन्ट घालून उभा राहिला. कंबर बरोबर. डाव्या पायाची लांबी मला खटकली. मी पुढे सरकले. पूर्वी यासाठी मला जमिनीवर वाकावं लागायचं, आता त्याची पोटरी सरळ माझ्या समोर. टाचणी लावली, वन्संनी जागच्या जागी टीप मारली. तो आरशात पुढून बघतो, मागून बघतो.

"ठीक आहे," म्हणाला. ठीक! मी म्हटलं, ठीक नाही, उत्तम आहे. तर म्हणतो, "उशीर झाला, शिलाई कमी करा." मी एक पै कमी केली नाही. त्याने कुरकुरत दिली.

दारातून परत फिरला. भावाचं लग्न आहे, कोट शिवायचाय, पुढच्या शुक्रवारी हवा. मी म्हटलं, शुक्रवारी होत नाही, शनिवारी.

"शनिवार नक्की?"

"नक्की."

"मागच्या वेळेसारखं नको हं, बाई. मी येऊन बसेन इथे."

"बसा," मी म्हणाले. "स्टूल आहे."